पुडीवर वार लिहा: नाशिकच्या औषध दुकानदारांना खुलं पत्र

गोळे कॉलनीतले होलसेलवाले, शहरातले गल्लोगल्लीचे मेडिकलवाले आणि निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवल्याच्या बाजारपेठेत रोज सकाळी शटर वर करणारे सर्व औषध दुकानदार यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर टेबलावर एक खाकी पाकीट ठेवलंय. तळहाताएवढं, तुमच्या काउंटरवर शेकड्यानं पडलेलं असतं तसलंच. त्यावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, ०-०-१. आत गोळ्यांची एक स्ट्रिप आहे. दहातली नऊ घरं फुटलेली, एक गोळी शिल्लक. पिवळी, मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती दहावीही पोटात गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. नऊ गोळ्यांनी माझ्या नणंदेला, अक्कांना, अकरा दिवस रुग्णालयात झोपवलं, तेवढं पुरे.

गोळी मेथोट्रेक्सेटची, दहा मिलिग्रॅमची. आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची. अक्कांनी ती नऊ रात्री ओळीनं घेतली. नऊ आठवड्यांचं औषध नऊ दिवसांत. त्यांनी काही वेडेपणा केला नाही. पाकिटावर लिहिलं होतं तेच केलं.

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, पंचवटीत राहते. नऊ वर्षांपूर्वी मला हाच आजार झाला. बोटांची पेरं सुजायची, सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही. फळ्यावर ‘ळ’ काढताना खडू निसटायचा. साडीच्या निऱ्या बोटांत धरवेनात, तेव्हा नवरा समोर उभा राहून घालून द्यायचा. बिचाऱ्याच्या निऱ्या कधी एकसारख्या आल्या नाहीत. वयाचं दुखणं म्हणून मी वर्षभर दुखण्याच्या गोळ्यांवर काढलं. तुमच्यापैकीच कुणाकुणाकडून घेतलेल्या, चिठ्ठीशिवाय. तुम्ही दिल्यात, मी घेतल्या. त्यात मी तुम्हाला एकट्यांना दोष देत नाही.

आमवात म्हणजे वयानं झिजलेले गुडघे नव्हेत, हे मला पन्नाशीत कळलं. बाहेरच्या जंतूंशी लढायचं काम ज्या प्रतिकारशक्तीचं, तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उठते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दुपटी-तिपटीनं दिसतो. दुखण्याची गोळी ठणका कमी करते, पण आतून सांधा कुरतडला जायचा काही थांबत नाही. तो थांबवायचा तर ती उठलेली प्रतिकारशक्तीच जरा दबवावी लागते. मेथोट्रेक्सेट हे काम करतं. आमवाताच्या उपचारात जगभर बहुतेकांना सगळ्यात आधी हेच औषध देतात, आणि परवडतंही हेच. माझी महिन्याची गोळी एका मिसळीच्या प्लेटपेक्षा फार महाग पडत नाही.

आता माझ्या पहिल्या तक्रारीकडे येते. ती अक्कांच्या तक्रारीच्या अगदी उलट आहे.

औषध सुरू होऊन तीन महिने झाले होते. निऱ्या माझ्या मीच घालायला लागले होते. एका दुकानात स्ट्रिप मागितली, तर काउंटरवरच्या मुलानं ती हातात धरून मोठ्यानं विचारलं, “काकू, ही कॅन्सरची गोळी आहे, माहितीये ना?” मागे चार जण उभे होते. चारीही माना माझ्याकडे वळल्या. मी पैसे दिले, घरी आले आणि ती स्ट्रिप देवघराच्या खालच्या खणात टाकली. दोन महिने घेतली नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही, शिक्षिका असून. मनगट पुन्हा सुजलं, तेव्हा जावंच लागलं. एक्स-रेवर डॉक्टरांनी पेन्सिलीनं दाखवलं, मनगटाच्या एका हाडाची कड उंदरानं कुरतडावी तशी दिसत होती. गोळी पुन्हा सुरू केल्यावर सूज गेली. ती कड काही परत भरली नाही.

त्या मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. त्याला कुणी उरलेलं अर्धं सांगितलंच नव्हतं, म्हणून इथं सांगते. त्यात आपल्या देशाच्या एका माणसाचा हात आहे. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले आणि तिथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या चमूनं फोलिक अ‍ॅसिडवर काम केलं. फोलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व, शरीराला नव्या पेशी घडवायला लागतं. याच चमूनं फोलिक अ‍ॅसिडसारखी दिसणारी पण त्याच्याच वाटेत पाय घालणारी द्रव्यं तयार केली. त्यातलं अमिनोप्टेरिन बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना दिलं, आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. मेथोट्रेक्सेट हे त्या अमिनोप्टेरिनचं भावंड. १९५१ मध्ये अमिनोप्टेरिन आमवाताच्या काही रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि त्यांची सूज उतरली. तरी आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत रीतसर परवानगी मिळायला १९८८ उजाडलं.

कॅन्सरमध्ये हे औषध काही वेळा ग्रॅममध्ये देतात, सलाइनमधून, रुग्णालयात, डोळ्यांत तेल घालून. आमवातात साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, तेही आठवड्याला. पातेलंभर आमटीत घालायची चमचाभर मिरची आणि त्याच मिरचीची पोतंभर रास, एवढा तो फरक. नाव एक आहे म्हणून रोग एक होत नाही. पुढच्या वेळी कुणी काकू आली तर तिला एवढं सांगता येईल ना? हळू आवाजात सांगितलं तर अधिक बरं.

आता अक्कांचं.

अक्का निफाड तालुक्यातल्या एका गावात राहतात. वय चौसष्ट. तीस वर्षं द्राक्षबागेत राबलेल्या. विरळणीला त्यांच्या कात्रीची बरोबरी गावात कुणी करत नसे. त्यांची बोटं सुजायला लागली तेव्हा मीच त्यांना नाशिकला माझ्या डॉक्टरांकडे घेऊन आले. तपासण्या झाल्या. मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी रक्त, लिव्हर, किडनी, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे, सगळं रीतसर. डॉक्टरांनी लिहून दिलं: मेथोट्रेक्सेट दहा, आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, फोलिक अ‍ॅसिड पाच, रविवार सोडून रोज. फोलिक अ‍ॅसिड कशासाठी, तर मेथोट्रेक्सेटचा तोंडाला, पोटाला, रक्ताला होणारा त्रास कमी व्हावा म्हणून. पहिल्या महिन्याच्या चारच गोळ्या दिल्या, आणि तिथल्या ताईंनी अक्कांकडून तीनदा वदवून घेतलं: “रविवारी एक. बाकी दिवशी ती दुसरी.” महिना छान गेला.

दुसऱ्या महिन्याला भाचा तालुक्याच्या गावी गेला होता. त्यानं मोबाइलवरचा चिठ्ठीचा फोटो दाखवला आणि “महिन्याचं द्या” म्हणाला. दुकानात गर्दी होती. मेथोट्रेक्सेटची पूर्ण स्ट्रिप मिळाली, दहाची. फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मोजून मिळाल्या. दोन्ही लहान, दोन्ही पिवळसर. दोन्ही पाकिटांवर एकच लिहिलं: ०-०-१.

दहाव्या दिवशी अक्कांचा फोन आला.

“वहिनी, तोंड आलंय गं. भाकर तर भाकर, पाणीबी झोंबतंय.”

“कधीपासून?”

“झाले चार दिवस. उष्णता झाली असंल. गुलकंद खाल्ला. पोरानं मेडिकलातनं जेल अन् बी-कॉम्प्लेक्स आणलं, काही फरक नाही.”

माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. “अक्का, रविवारची गोळी घेतलीत का?”

“रविवारची कशी? रोज रात्रीची ना ती? पुडीवर लिवलंय.”

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच संध्याकाळी गाडी करून त्यांना नाशिकला आणलं. ताप होता. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर हव्यात, त्या बाराशेवर आल्या होत्या. प्लेटलेट दीड लाखाच्या पुढं हव्यात, त्या चाळीस हजार. तोंडापासून घशापर्यंत सगळं सोललेलं. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, सलाइन. फोलिनिक हे वेगळं औषध आहे, मेथोट्रेक्सेटनं अडवलेली वाट ओलांडून पेशींपर्यंत पोचणारं. अशा वेळी त्याच्यावरच सगळी भिस्त असते. सहाव्या दिवशी पेशी वर चढायला लागल्या. अकराव्या दिवशी अक्का घरी गेल्या, नऊ किलोनं कमी होऊन.

त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तोंड आलं म्हणून जेल आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं गेलं, ते दुकान तेच होतं. आठच दिवसांपूर्वी ज्या हातानं मेथोट्रेक्सेट दिलं, त्याच हातानं तोंडाला लावायचं जेल दिलं, आणि मध्ये कुणाच्याही मनात दोन्हींची गाठ पडली नाही. या गोळीवर असलेल्या माणसाचं तोंड येणं ही शरीरानं वाजवलेली पहिली घंटा असते. तशीच घसा दुखून ताप येणं, अंगावर काळे-निळे डाग पडणं, कोरडा खोकला आणि धाप. अशा वेळी पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन आणि रक्ताची तपासणी. जेल नंतर.

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. एका दुकानाला दोष देऊन मोकळं व्हायचं असतं तर ग्राहक मंचात गेले असते, पत्र लिहायला बसले नसते. रुग्णालयातल्या रात्री बाकड्यावर बसून मी ते पाकीट उलटसुलट बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक त्या ०-०-१ मध्येच आहे.

तुमची ही भाषा मी पिढ्यान् पिढ्या बघतेय. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. निरक्षर माणसालाही कळते. वाकलेल्या म्हाताऱ्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. इतकी सोपी लिपी मला तीस वर्षांत एकही शिकवता आली नाही, मनापासून सांगते. पण या लिपीत फक्त एक दिवस मावतो. तीन घरं, सकाळ, दुपार, रात्र, की संपलं. आठवडा लिहायची त्यात सोयच नाही. ‘आठवड्यातून एकदा रात्री’ हे वाक्य या भाषेत लिहायला गेलं की ते आपोआप ‘रोज रात्री’ होतं. लिहिणाऱ्याला कळत नाही, वाचणाऱ्याला तर नाहीच नाही.

आणि ही गोळी रोज चालत नाही त्याचं कारण साधं आहे. आपल्या शरीरात काही पेशी भराभर जुन्या होतात, नव्या होतात: हाडाच्या आतला मगज, जिथं रक्त तयार होतं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर. मेथोट्रेक्सेट त्यांचंही फोलिक अडवतं. आठवड्याला एक डोस दिला की पुढच्या सहा दिवसांत त्या सावरतात. रोज दिलं की सावरायला सवडच मिळत नाही. त्यातून हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. वयानं किडनी मंदावलेली असली की ते अंगात रेंगाळतं. चौसष्टीच्या बाईची किडनी चाळिशीतल्या बाईसारखी नसते.

ही चूक फक्त आपल्याकडंच होते असंही नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१९ मध्ये यावर मुद्दाम नियम कडक केले, कारण आठवड्याची गोळी रोज घेऊन माणसं दगावत होती. खोक्यावर आणि आतल्या पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ असा ठळक इशारा, आणि गोळ्यांसोबत रुग्णाला एक कार्ड. ब्रिटनमध्ये अडीच मिलिग्रॅमच्याच गोळ्या द्याव्यात असा सल्ला आहे, म्हणजे अडीचची आणि दहाची यांत गल्लत नको. आपल्याकडं अडीच, पाच, साडेसात, दहा, पंधरा अशा सगळ्या मिळतात. तेव्हा मागच्या वेळी कुठली दिली होती आणि आज कुठली देतोय, हे एकदा ताडून बघायला हवं.

मग माझं मागणं काय? पुडीवर वार लिहा. रविवार, बुधवार, जो असेल तो, पूर्ण अक्षरांत, मराठीत. ‘आठवड्यातून एकदाच’ असं वर आणि वार खाली. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर ०-०-१ काढूच नका, आणि फोलिक अ‍ॅसिडची पुडी वेगळी ठेवा, तिच्यावर ‘या वारी नाही’ असं लिहा. महिन्याचं मागितलं तर महिन्याला लागतील तेवढ्याच गोळ्या द्या, चार आठवड्यांच्या. गिऱ्हाईक “पूर्ण पाकीटच द्या, पुन्हा फेरी नको” म्हणेल. म्हणू द्या. अक्कांच्या हातात चारच गोळ्या असत्या तर चार रात्रींत संपल्या असत्या आणि भाचा पाचव्या दिवशी तुमच्या दुकानात पुन्हा उभा असता. तुम्हाला तेव्हाच शंका आली असती.

स्ट्रिप कापायची तर नाव आणि मुदत लिहिलेली बाजू गिऱ्हाइकाकडं जाऊ द्या. हे सगळ्याच औषधांना लागू आहे, पण या एका औषधाला जास्त.

आणखी एक प्रश्न विचारायचा: “दुसरं काय घेता?” तुमच्याकडून रोज दुखण्याच्या गोळ्या जातात. किडनी थकलेल्या माणसानं मेथोट्रेक्सेटवर त्या स्वतःच्या मनानं वाढवल्या तर भारी पडू शकतं. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला अजूनही मागितली जाणारी ती जुनी सल्फाची गोळी, को-ट्रायमोक्सॅझोल, ती तर या औषधासोबत देऊच नका. दोघीही फोलिकच्याच वाटेवर बसतात, आणि रक्त बनणं ठप्प होऊ शकतं. हे तुम्ही कॉलेजात शिकलेला आहात. काउंटरवरचा मुलगा शिकलेला नसतो, एवढंच. उलट्या-जुलाबानं अंग सुकलेलं असेल, किंवा अँटिबायोटिक घ्यावं लागेल असा ताप असेल, तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा. बहुतेकदा ती थांबवायलाच सांगतात.

दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईला ही गोळी चालत नाही. गर्भाला अपाय होतो, आणि मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांना विचारून बंद करावी लागते. आमवात तरुण बायकांनाही होतो, तेव्हा ही शंका विचारायला लाजू नका. तुम्ही लाजलात तर तीही लाजेल. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या गावात दारूबद्दलही बोलायला हवं. ही गोळी लिव्हरवर ताण टाकते, दारूही टाकते. माझे डॉक्टर म्हणाले होते, “बाई, तुम्ही घेत नाही ते उत्तम, पण मिस्टरांचा रक्तदाब आणि तुमची गोळी एकाच डब्यात ठेवू नका.” त्या दिवसापासून आमच्या घरात दोन डबे आहेत.

रक्ताच्या तपासणीचं मात्र तुम्ही मोठ्यानं विचारलंत तरी चालेल. सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी: पेशी, लिव्हर, किडनीसाठी क्रिएटिनिन. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर कुणी तीच गोळी महिनोन्‌महिने नेत असेल, तर “शेवटचं रक्त कधी तपासलं?” एवढं विचारा. शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतंच.

आता टोफॅसिटिनिबच्या गोळ्याही तुमच्या कपाटात आल्यात, भारतीय कंपन्यांच्या, पूर्वीपेक्षा स्वस्त. त्या प्रतिकारशक्ती आणखी वेगळ्या रीतीनं दाबतात. त्या सुरू करायच्या आधी क्षयरोग अंगात दडून बसलाय का ते तपासावं लागतं, आणि नागीण उठण्याचा धोका त्यात जास्त. शेजारणीला गुण आला म्हणून कुणी ती गोळी मागायला आलं, तर रिकाम्या हातानं परत पाठवा. आणि ती बिननावाची, ‘तीन दिवसांत सांधे मोकळे’ करणारी पुडी? तीन दिवसांत सांधे मोकळे होतात ते बहुतेकदा आत मिसळलेल्या स्टेरॉइडनं. ती ठेवणाऱ्या दुकानाशी मला काही बोलायचं नाही.

तुमची बाजूही मला कळते. संध्याकाळी सात वाजता काउंटरवर दहा हात पुढे आलेले, पाच चिठ्ठ्या, तीन मोबाइल, कुणाला खोकल्याचं, कुणाला बाळाचं दूध. डॉक्टरांची अक्षरं लागत नाहीत. २०१६ पासून नियम आहे की डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. किती जण लिहितात ते तुम्ही मला सांगा. ‘रोज एकदा’ आणि ‘आठवड्यातून एकदा’ यांची इंग्रजी आद्याक्षरं घाईत एकसारखी दिसतात, हेही खरं. पण २०१५ च्या नियमांनी फार्मासिस्टला रुग्णाशी बोलून समजावून सांगण्याचं काम दिलंय. ते तुमच्या शिक्षणाचं, भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या त्या सर्टिफिकेटचं काम आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या गावात आहे, त्या गावातल्या दुकानात एका गोळीचा वार लिहिला जात नसेल, तर आम्ही कुणाकडं बघायचं?

आणि तुम्ही करता, हेही मला माहीत आहे. २०२० च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर चालतं असा गवगवा झाला आणि दोन दिवसांत ते नाशिकच्या दुकानांतून गायब झालं. मी तेव्हा मेथोट्रेक्सेटच्या जोडीला तेही घ्यायचे. आमच्या भागातल्या एका दुकानदारानं मला स्वतः फोन केला: “बाई, तुमच्या दोन स्ट्रिप बाजूला काढून ठेवल्यात. लोक घाबरून घेतायत, तुम्ही आजारासाठी घेता.” लॉकडाउनमध्ये त्यांचा मुलगा दारात पिशवी ठेवून गेला. त्यांना मी आजही दसऱ्याला सोनं द्यायला जाते. आठवणीनं गिऱ्हाईक ओळखणारा दुकानदार या शहरात आहे, म्हणूनच तर हे सगळं लिहिण्याचा उद्योग केला.

२०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावची किती माणसं रामकुंडावर उतरतील, आणि त्यातल्या किती जणांची गोळ्यांची पिशवी गर्दीत हरवेल! ती माणसं तुमच्याकडंच येतील, अर्धवट फाटलेली स्ट्रिप दाखवत, “हीच द्या” म्हणत. त्यांचा वार तुम्हाला माहीत नसेल. तेव्हा तरी विचारा.

माझा स्वतःचा वार बुधवार. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून भाजी घेऊन येते, जेवते, गोळी घेते, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या चौकटीवर लाल गोल करते. गुरुवारी जरा मरगळ असते, गुरुवारी मी कुणाला भेटायला बोलवत नाही. ते दोन महिने सोडले तर आजवर दोनदाच बुधवार हुकला. हुकला तर दोन दिवसांत आठवला तर घ्यायची, नाहीतर थेट पुढच्या बुधवारी, दुप्पट कधीच नाही. हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं, म्हणून जमलं.

अक्का मात्र मेथोट्रेक्सेटचं नाव काढू देत नाहीत. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, माझी बोटं दाखवली. “तुझं तुला लाभलं, वहिनी,” म्हणतात. त्यांना आता दुसरी औषधं चालू आहेत, थोडा उतार आहे. यंदा विरळणीला त्या बागेत गेल्या, कात्री उचलली आणि अर्ध्या तासानं सुनेच्या हातात दिली. चांगलं औषध त्यांच्या हातचं गेलं, ते औषधामुळं नाही गेलं.

रविवार कारंजाजवळ एकाकडून मी तीस रबरी शिक्के करून घेतलेत. त्यावर असं आहे: ‘आठवड्यातून एकदाच. वार: ______. रोज घेऊ नये.’ तेरा वाटून झाले. एका दुकानात काउंटरवरच्या मुलीनं शिक्का उलटसुलट बघितला आणि विचारलं, “काकू, हा फक्त तुमच्याच गोळीला का? आमच्याकडं व्हिटॅमिन डीची साठ हजाराची गोळी आठवड्याची असते, हाडं ठिसूळ झालेल्यांची सत्तरची गोळी पण आठवड्याचीच. लोक त्याही रोज घेतात.” मला हे सुचलंच नव्हतं. तिनं माझ्यासमोरच त्या सगळ्या स्ट्रिपा एका कप्प्यात काढल्या आणि कप्प्यावर स्केचपेननं लिहिलं, ‘वारवाल्या’.

सतरा शिक्के अजून माझ्याकडं आहेत. ज्यांना हवेत त्यांनी बुधवारी सकाळी गंगेवरच्या बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत यावं. हिरवी पिशवी आणि मनगटावर पट्टा असलेली बाई मी. पैसे नकोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पंचवटी, नाशिक

ता.क. शिक्क्यासोबत शाईचं पॅड मिळणार नाही. ते तुमच्याकडं बिलाच्या वहीशेजारी असतंच, मी पाहिलंय.